निर्झरानंद महाराजांचे मोती

गुरुवारी सकाळी आठच्या आत माळावर पोचलं नाही, तर पत्र्याच्या मांडवात बसायला जागा मिळत नसे. आणि जागेसाठी धडपडत कोण होतं? तर पन्नाशी, साठी, सत्तरी ओलांडलेले, मिशा पांढऱ्या झालेले, एरवी हातभर बांधावरून एकमेकांना कोर्टात खेचणारे गृहस्थ. जानेफळहून माणसं येत, मेहकरहून येत, पार देऊळगाव राजाहून एसटी बदलून येत. एसटीतच कळायचं, की हा निर्झरानंद महाराजांचा भक्त आहे. कारण तो दाराजवळची जागा धरायचा आणि दर थांब्याला कंडक्टरला विचारायचा, गाडी किती वेळ थांबणार म्हणून.

महाराज फक्त एकाच व्याधीवर इलाज करत. म्हाताऱ्या पुरुषांची अडलेली लघवी. महाराज तिला लघवी म्हणत नसत, 'ओघ' म्हणत. मांडवाच्या दारावर पाटी होती: 'महिलांना प्रवेश नाही. स्त्रीची सावली पडल्यास ओघ कायमचा बंद होतो.' कायमचा हा शब्द लाल रंगात होता.

"देहात बहात्तर हजार नाड्या आहेत, बालक!" महाराज माइकवर गरजत. समोर बसलेला बालक अडुसष्ट वर्षांचा असे. "त्यातली एक तुंबली, की सगळा कालवा तुंबला! हा मोती समुद्रातला नाही. शेषाच्या फण्यावरचा आहे. उपाशी पोटी चाव. गिळू नको, चाव! मग बैस. देव बोलावील तेव्हा ऊठ. उठल्यावर देव तुला वाकवील. वाकलास, की समज नाडी सुटली!"

मग प्रत्येकाच्या तळहातावर चिमूटभर पांढरे मोती पडत. बारीक, गोल, मोहरीपेक्षा लहान. मंडळी ते कडाकडा चावत आणि मांडी घालून भजनाला बसत. तीन तास. वर पत्रा तापलेला, पोटात अन्नाचा कण नाही. अकराच्या सुमाराला महाराज घंटा वाजवत आणि ओरडत, "उठा!" सगळे उठत. आणि मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो, उठलेल्यांपैकी आठ-दहा माणसं दोन पावलं टाकून सरळ खाली येत. कोणी गुडघ्यावर, कोणी आडवं, कोणी शेजाऱ्याच्या अंगावर. न सांगता, न ढकलता, साष्टांग.

"दंडवत! दंडवत घेतला देवानं!" मांडव दणाणून जाई.

बरं, चमत्कार इथंच संपत नव्हता. घरी रोज झोपताना चावायला महाराज प्रसादाची पुडी देत, आणि चार-सहा दिवसांत माणसाला खरोखरच आराम पडे. रात्री सहा वेळा उठणारा दोनदा उठू लागे. शाकिर टेलर मला दुकानातल्या मशीनवरून सांगत होता, "देवानंदभाई, कसम से, जवानी के दिन याद आ गये." महाराजांना जातपात नव्हती, हे मात्र मान्य करायला हवं. आमच्या गावात एका सतरंजीवर सगळे समाज बसलेले मी त्या मांडवातच पाहिले.

मी देवानंद. जिल्हा परिषदेच्या हायस्कुलात सत्तावीस वर्षं प्रयोगशाळा परिचर होतो. म्हणजे परीक्षानळ्या धुवायच्या आणि सरांचा प्रयोग फसला की मागून हळूच बरोबर करून द्यायचा. त्यामुळे कुठलीही गोष्ट आपोआप झाली असं कोणी म्हटलं, की माझं डोकं उठतं. महाराज हिमालयातून आले असं सांगत. त्यांची मोटारसायकल जालना पासिंगची होती. हे मी चारचौघांत बोललो, तर माजी उपसरपंच माणिकराव म्हणाले, "हिमालयात आरटीओ हाय का बे?" आणि सगळे हसले. माझ्यावर.

माझा खरा संताप महाराजांवर नव्हता, सहदेववर होता. सहदेव माझा बालमित्र. एसटीत तीस वर्षं ड्रायव्हर. त्याचा थोरला भाऊ याच दुखण्यानं गेला होता. आधी लघवीचा त्रास, मग कंबर, मग कळलं की प्रोस्टेटचा कॅन्सर हाडात पोचलाय. भावाला शेवटी उचलून बसवावं लागे, ते काम सहदेवनंच केलं होतं. एवढं डोळ्यांनी पाहिलेला माणूस आठ महिने दर गुरुवारी मोती चावायला जात होता.

"दवाखान्यात काऊन जात नाही तू?" मी विचारलं.

"गेलो होतो ना शिबिराले."

"आन् काय सांगतलं तिथं?"

सहदेव चपलेकडे पाहू लागला.

त्या शिबिराची गोष्ट सांगायलाच हवी. आदल्या वर्षी जानेफळच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर मंजुश्री आमच्या शाळेत आल्या होत्या. पन्नाशीपुढच्या पुरुषांची प्रोस्टेट तपासणी, मोफत. फळ्यावर खडूनं तसं ठळक लिहिलेलंही होतं. गर्दी चांगली झाली. एक्केचाळीस पुरुष आले. पहिला टेबलापाशी गेला, पाहतो तर डॉक्टर बाई, आणि वय जेमतेम आपल्या सुनेएवढं. "काय त्रास होतो, काका?" तिनं विचारलं. काकांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "गुडघे." मागच्यानं ते ऐकलं. तोही म्हणाला, गुडघे. तिसऱ्यालाही गुडघे. रजिस्टरात एक्केचाळीस नावं आणि एक्केचाळीस वेळा गुडघेदुखी. बाईंनी तपासणीसाठी विचारलं की काका म्हणत, "तिकडलं सगळं झकास हाय." दुपारी गुडघ्याचं मलम संपलं. जाताना तीन जण शाळेच्या भिंतीमागे दहा-दहा मिनिटं उभे होते.

असा हा आमचा पुरुषार्थ. त्याच भांडवलावर महाराजांनी मांडव टाकला होता.

मग एका गुरुवारी देवानं सहदेवला जरा जोरात वाकवलं. तो उठला आणि तोंडावर आपटला, मांडवाच्या खांबाखालच्या दगडावर. ओठ फाटला, मनगट मोडलं. महाराज म्हणाले, "व्याधी हाडावाटे निघाली!" त्यावरही टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी सहदेवची बायको जनकाबाई माझ्या घरी आली. वहिनींनी आमच्याच शाळेत अकरा वर्षं खिचडी शिजवली होती. त्यांनी पदराची गाठ सोडली, प्रसादाची पुडी काढली आणि माझ्या चहाच्या बशीत मोती ओतले.

"भाऊजी, मी अकरा वर्षं दाणे निवडले. खडा कोणता, दाणा कोणता, मले अंधारात कळते. मोती दातानं फुटते का जी?"

"नाही फुटत."

"हे फुटते. आन् कडू लागते. मी चावून पाह्यला एक."

"वहिनी, कायले चावला?"

"मंग तुमी चावाल म्हणून वाट पाहू काय? तुमी निस्ते चौकात भाषण देता." त्यांनी एकदम डोळ्यांना पदर लावला. "रातच्याले कंबर धरून बसते हा माणूस. त्याच्या भावाची बी कंबरच दुखत होती. मले म्हणते, महाराज हायेत. मले भेव लागून राह्यलं, भाऊजी."

मी बशीतले मोती परत पुडीत भरले. चौकातल्या भाषणांचा टोमणा खराच होता.

मोत्यांचा उगम सापडला तो तानाबाईंकडे. महिलांना मांडवात प्रवेश नव्हता, पण मांडव झाडायला तानाबाई चालत होत्या. झाडणाऱ्या बाईची सावली पडत नसावी. दर बुधवारी महाराज त्यांच्याकडे एक बांधलेली पिशवी देत आणि सांगत, नाल्याकाठी पुरून टाक, उघडून पाहिलीस तर आंधळी होशील. तानाबाईंनी पहिल्याच बुधवारी उघडून पाहिली होती.

"मंग?" वहिनींनी विचारलं.

"मंग काय? मोतीबिंदू आधीचाच हाय. नवीन काई झालं नाही."

पिशवीत टरफलं होती. शेकडो. अर्धी नारिंगी, अर्धी हिरवी. कॅप्सूलची रिकामी टरफलं.

आम्ही तिघं ती पिशवी, ती पुडी आणि प्लास्टरमधल्या हातासकट सहदेवला घेऊन डॉक्टर मंजुश्रींकडे गेलो. सहदेवला मनगट दाखवायचं असं सांगून नेलं होतं. बाईंनी एक टरफल उजेडात धरलं आणि कपाळावर हात मारला.

"ही प्रोस्टेटचीच गोळी आहे. आम्ही रोज लिहून देतो. आतले दाणे असे बनवलेले असतात, की औषध दिवसभरात हळूहळू सुटावं. रोज एक, जेवणानंतर, पाण्याबरोबर, न चावता. तुमचे महाराज किती देतात?"

"चिमूटभर," सहदेव पुटपुटला.

"म्हणजे दोन-तीन कॅप्सूलचा ऐवज. तोही उपाशी पोटी, चावून. सगळं औषध एकदम अंगात. या औषधानं लघवीच्या वाटेचे स्नायू सैल पडतात, म्हणून धार सुटते. पण त्याबरोबर रक्तवाहिन्याही सैल पडतात. तीन तास तापलेल्या पत्र्याखाली बसलेला माणूस झटकन उभा राहिला, की रक्त पायांकडे उतरतं. मेंदूला मिळत नाही. तो पडणारच."

"म्हंजे तो दंडवत..."

"तो तुमचा रक्तदाब पडला होता, काका."

मग बाईंनी हळूच विचारलं, लघवीतून कधी रक्त? कंबर? घरात कोणाला होतं का? उत्तरं जनकाबाईंनी दिली. सहदेवचं रक्त तपासणीला गेलं. मागच्या वाटेनं बोट घालून तपासायची वेळ आली तेव्हा तो माझ्याकडे बघून म्हणाला, "तू भाईर जाय बे." मी गेलो. पाच मिनिटांनी तोही बाहेर आला.

"झालं?"

"झालं. मनगट बसवताना याच्याहून जास्त दुखलं होतं," तो म्हणाला. "दोन मिनटं बी लागले नाहीत. आन् त्याच्यापायी मी आठ महिने दगडावर डोकं आपटलं."

बाई औषध निरीक्षकाला आणि पोलिसांना कळवणार होत्याच. पण मला ठाऊक होतं, की नुसती जीप येऊन महाराजांना घेऊन गेली, तर गाव म्हणेल सरकारनं देव पळवला, आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या माळावर दुसरा मांडव पडेल. गावाला प्रयोग दाखवायला हवा होता. सत्तावीस वर्षं मी तेच पाहिलं होतं. दोन नळ्या घ्यायच्या, एकीत पदार्थ टाकायचा, दुसरीत नाही, आणि काय होतं ते बघायचं.

"मोती बदलले तं?" मी म्हणालो.

"कशानं?" वहिनींनी विचारलं आणि लगेच स्वतःच उत्तर दिलं, "राजगिरा. उपासाले चालते बी."

डॉक्टर बाई खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "मी यातलं काही ऐकलं नाही. गुरुवारी किती वाजता म्हणालात?"

गुरुवारी पहाटे तानाबाईंनी मांडव झाडता झाडता महाराजांच्या तांब्याच्या डब्यातले मोती पदरात घेतले आणि त्यात निवडलेला, पांढराशुभ्र राजगिरा भरला. आठ वाजता साठेक माणसांनी भक्तिभावानं राजगिरा चावला. मी पहिल्यांदाच सतरंजीवर बसलो होतो. शेजारी सहदेव, हात गळ्यात अडकवलेला. प्रयोग फसला तर गावात राहायची सोय नव्हती.

अकरा वाजले. घंटा झाली. "उठा!" महाराज गरजले.

साठ माणसं उठली. गुडघे वाजले, कोणी 'आई गं' म्हणालं, कोणी धोतर सावरलं. आणि सगळे उभे राहिले. उभेच राहिले. एकही पडेना. लोक एकमेकांकडे पाहू लागले. महाराजांनी पुन्हा घंटा हाणली. "वाका! देव वाकवतो आहे!" कोणी वाकेना.

तेवढ्यात धप्पकन आवाज झाला. माणिकराव पडले होते. चांगले साष्टांग. कोपरावर टेकून, बेतानं, धोतराला माती लागणार नाही असे.

"पाहा! पाहा!" महाराजांच्या जिवात जीव आला. "ज्याचा भाव शुद्ध त्यालाच देव वाकवतो! बाकीच्यांत कोणी अपवित्र शिरलाय!"

"शिरलाय नाही, शिरली हाय," दारातून आवाज आला. जनकाबाई सूप घेऊन सरळ मांडवात चालत आल्या. मागे तानाबाई, त्यांच्यामागे डॉक्टर मंजुश्री. गर्दीनं दोन्ही हातांनी आपापला ओघ सांभाळल्यासारखी वाट करून दिली. वहिनींची सावली पहिल्या तीन रांगांवर पडली होती. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "ही घ्या सावली. कोणाचं बंद झालं तं सांगा आताच."

कोणी काही सांगितलं नाही. एक म्हातारा मात्र घाईघाईनं मागच्या बाजूला खात्री करायला गेला.

वहिनींनी सूप उलटं केलं. नारिंगी-हिरव्या टरफलांचा ढीग पडला. मग मी सांगितलं, की आज सगळ्यांनी काय चावलं. राजगिरा हा शब्द ऐकताच साठ माणसं जिभेनं आपापले दात चाचपू लागली. माणिकराव अजून आडवेच होते. त्यांनी एक डोळा उघडला, परिस्थिती पाहिली आणि परत मिटला.

"खोटं! पाखंड!" महाराज किंचाळले.

वहिनींनी खऱ्या मोत्यांची पुडी त्यांच्यापुढे धरली. "मंग तुमी चावा, महाराज. हे तुमचेच हायेत. चावा, तीन तास बसा, आन् सगळ्याईपुढं उठून दाखवा."

"मला कशाला? मला काय लघवीचा आजार आहे? निरोगी माणसानं औषध कशाला खायचं?"

"औषध?" सहदेव पहिल्यांदाच बोलला. "आतालोक तं मोती होता."

यानंतर महाराजांनी मोटारसायकलकडे धाव घेतली, पण चावी तानाबाईंनी झाडताना कुठंतरी झाडून टाकली होती. पोलिसांची जीप यायला वीस मिनिटं लागली. तेवढा वेळ महाराज आपल्याच मांडवाच्या खांबाला टेकून बसले होते आणि कोणी त्यांना पाणी विचारलं नाही. पुढे जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. महाराजांचं शिक्षण आठवी नापास निघालं आणि हिमालय नकाशावर दाखवता येईना.

पण त्या दिवशी मांडवातला सगळ्यात चांगला प्रश्न शाकिर टेलरनं विचारला. "बाई, सब ठीक. लेकिन मले फायदा झाला ना! धार सुटली, हे तं खोटं नाही?"

"अजिबात खोटं नाही," डॉक्टर बाई म्हणाल्या. "औषध चांगलंच आहे, म्हणून तर फसवणूक चालली. पण औषधानं वाट मोकळी होते. वाट अडली कशामुळे, ते कळत नाही. बहुतेकांची ही प्रोस्टेटची, मूत्राशयाखालची गाठ वयानं फुगलेली असते, तिच्यावर चांगले इलाज आहेत. थोड्यांच्या गाठीत कॅन्सर असतो. आणि नुसत्या धारेवरून दोन्हीतला फरक मलाही कळत नाही, तुमच्या महाराजांना कसा कळणार? त्यासाठी बोटानं तपासावं लागतं, रक्त तपासावं लागतं. रक्ताचा आकडा वाढला म्हणजे कॅन्सरच, असंही नाही. पुढच्या तपासण्या ते ठरवतात. त्रास असेल त्यानं थांबूच नये. त्रास नसला, तरी पन्नाशी झाली की डॉक्टरांना एकदा विचारा, मला तपासणीची गरज आहे का. वडिलांना, भावाला होता, तर त्याआधीच विचारा."

कोणीतरी मागून विचारलं, "बाई, गुडघ्याचं मलम आणलं काय?" आणि साठ माणसं हसली. हसणं संपल्यावर मात्र कोणी नजर वर करेना.

सहदेवच्या रक्ताचा आकडा वाढलेला आला. मग अकोल्याचा मोठा दवाखाना, मग तुकडा काढून तपासणी. कॅन्सर निघाला. हाडांची तपासणी झाली. हाडं स्वच्छ होती, कंबरदुखी तीस वर्षांच्या ड्रायव्हरच्या सीटची होती. त्या दिवशी जनकाबाई दवाखान्याच्या पायरीवर बसून मोठ्यानं रडल्या. मीही रडलो, आणि रडल्याची मला लाज वाटली नाही. इलाज सुरू झाला. आठ महिने आधी आला असता तर काय फरक पडला असता, असं मी अकोल्याच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, ते आता कोणालाच सांगता येणार नाही. अजून दोन वर्षं मोती चावले असते तर काय झालं असतं, ते मात्र भावाच्या बाबतीत सहदेवनं पाहिलेलं होतं.

आमच्या गावाला कोणी जादू केली नव्हती. आम्ही एका बाईसमोर लघवी हा शब्द उच्चारू शकलो नाही, एवढंच झालं होतं. ज्या गोष्टीबद्दल आपण बोलत नाही, तिथं कोणीतरी येऊन मांडव टाकतो. तेव्हा बाबांनो, जो माणूस तुम्हाला सांगतो की प्रश्न विचारू नका, पिशवी उघडू नका, बायकोला आत आणू नका, त्याची पिशवी आधी उघडा. आणि आपलं शरीर कुठं अडलंय ते ज्याला कळतं, त्याला सांगा. मोठ्यानं सांगा.

हे लिहायला सोपं आहे. करायला किती अवघड, ते मला यंदाच्या शिबिरात कळलं. पुन्हा तीच शाळा, त्याच डॉक्टर बाई. फक्त रजिस्टर घेऊन दारात सहदेव बसला होता. अंगानं उतरलेला, आवाज तोच, एसटीतून म्हशी हाकलणारा. त्यानं मागच्या शिबिराचं रजिस्टरही शेजारी उघडून ठेवलं होतं.

माझा नंबर आला.

"काय तरास?" सहदेवनं विचारलं.

मागे वीस माणसं होती. माणिकराव होते, शाकिर होता, माझा धाकटा व्याही होता. मी घसा साफ केला.

सहदेवनं जुन्या रजिस्टरवर बोट ठेवलं. अनुक्रमांक सतरा. देवानंद, वय साठ, निवृत्त प्रयोगशाळा परिचर. त्रास: गुडघे.

"हे तूनंच सांगतलं होतं ना बे, विज्ञानवाल्या?" तो हळू म्हणाला. "तवा मी तुह्या मागंच उभा होतो. तू गुडघे म्हणाला, म्हणून मी बी म्हणालो."

मला त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर बरं वाटलं असतं. चौकातली माझी सगळी भाषणं त्या एका ओळीत बुडाली होती. सहदेव पेन धरून वाट पाहत होता.

"लघवी," मी म्हणालो.

"आयकू नाही आलं."

"लघवी!" मी इतक्या जोरात ओरडलो, की आत डॉक्टर बाईंनी मान वर केली. "दोन वर्षांपासून अडते! रातच्याले चार वेळा उठतो!"

सहदेवनं सावकाश, मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं. मग मागच्याकडे पाहिलं.

"चाला, माणिकराव. पुढं या. काय तरास?"

माणिकरावांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्या रजिस्टरकडे.

"त्याले हाय तोच," ते म्हणाले. "लिव."